सरकार येते की सरकार येतात? समूहाचे एकवचन, अनेकवचन आणि जबाबदारीचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर शाळेतल्या व्याकरणाच्या तासाचा आहे. समूह दाखवणाऱ्या शब्दापुढे क्रियापद एकवचनी ठेवायचे की अनेकवचनी? इंग्रजी शिकताना आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न पडलेला असतो. ‘द कमिटी इज’ म्हणायचे की ‘द कमिटी आर’? परीक्षेत एक गुण जातो, म्हणून आपण एक उत्तर पाठ करतो आणि पुढे जातो. आम्ही मात्र आज तिथेच थोडे थांबणार आहोत. कारण आमच्या मते हा प्रश्न व्याकरणाचा जेवढा आहे, तेवढाच इतिहासाचा आहे. अनेक माणसांना एक कधी समजायचे, कोणी समजायचे आणि त्यात कोणाचा फायदा होतो, असा हा प्रश्न आहे.

आधी इंग्रजीचे बघू. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९५ साली, लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण निघाले. पुढची कित्येक दशके ते इंग्रजी शिकणाऱ्या जगभर चालले. मरे यांनी समूहवाचक नामाबद्दल जो नियम दिला त्याचा आशय असा: क्रियापद एकवचनी चालेल, अनेकवचनीही चालेल, पण बोलणाऱ्याच्या मनात एकपणा आहे की अनेकपणा, याकडे लक्ष ठेवा. म्हणजे निर्णय शब्दाच्या रूपावर सोडलेला नाही, तो अर्थावर सोडलेला आहे. समितीने एकमताने काही केले तर ती एक. समितीतले सभासद आपसांत भांडले तर ते अनेक.

पुढे इंग्रजीच्या दोन वाटा झाल्या. ब्रिटनमध्ये ‘द गव्हर्न्मेंट आर’ हे रूप सहज चालते, अमेरिकेत ते कानाला खटकते. आपल्याला हे क्रिकेटमुळे ओळखीचे आहे. समालोचक ‘इंडिया आर’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अकरा खेळाडू असतात. देशाबद्दलची बातमी वाचताना तोच माणूस ‘इंडिया इज’ म्हणतो. शब्द एकच, पण एकदा तो संघ आहे आणि एकदा राष्ट्र.

अमेरिकेच्या बाबतीत तर हा फरक थेट राज्यघटनेत दिसतो. त्यांच्या मूळ घटनेत देशद्रोहाची व्याख्या करणारे जे कलम आहे, तिथे संयुक्त संस्थानांसाठी ‘देम’ हे अनेकवचनी सर्वनाम आले आहे. १८६५ साली गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती झाली, तिच्यातही ‘देअर’ हेच आहे. कागदावर संस्थाने अनेक होती. यादवी युद्धानंतरच्या काळात मात्र ‘आर’ मागे पडत गेले आणि ‘इज’ रूढ झाले. हा बदल एका दिवसात झाला नाही, आणि तो केवळ युद्धामुळे झाला असेही म्हणता येणार नाही. पण अनेकांचा एक देश होत जाणे आणि क्रियापद एकवचनी होत जाणे या दोन गोष्टी सोबत चालल्या, एवढे दिसते.

आता घरी येऊ. मराठीत समूहवाचक नामाचा वेगळा बाऊ केलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. आज आपण शाळेत जे शिकवतो त्यात समूहवाचक नामे सामान्यनामातच धरतात. कळप, जमाव, दिंडी, समिती, सेना ही सगळी साधी नामे. कळप आला, दिंडी निघाली, जमाव पांगला. दिंडीत दोनशे वारकरी असोत की दोन हजार, दिंडी ‘निघाली’च. मराठी क्रियापद शब्दाच्या मागे जाते, अर्थाच्या मागे जात नाही, असे आपण पटकन म्हणून टाकतो.

पण ते पूर्ण खरे नाही. ‘मंडळी’ हाच शब्द घ्या. ‘मंडळी जमली आहे’ असे आपण म्हणतो; हे स्त्रीलिंगी एकवचन. ‘पाहुणे मंडळी आली आहेत’ असेही म्हणतो. इथे ‘आली आहेत’ हे रूप ‘माणसं आली आहेत’ याच्यासारखे आहे, म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. बाया आणि पुरुष एकत्र असले की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन वापरते, तो नियम इथे गुपचूप आत शिरला. आणि जुन्या पिढीतले गृहस्थ ‘आमच्या मंडळी माहेरी गेल्या आहेत’ म्हणत, तेव्हा मंडळी म्हणजे एकटी बायको आणि क्रियापद आदरार्थी अनेकवचनी! एका शब्दाला तीन क्रियापदे. तेव्हा मराठीही अर्थाकडे बघते; फक्त ते बोलून दाखवत नाही.

दुसरा शब्द ‘सरकार’. हा आपल्याकडे फारसीतून आला. निजामाच्या राज्यात सरकार म्हणजे राजसत्ता आणि सरकार म्हणजे समोर बसलेला मालकही. ‘सरकार आले’ या वाक्यात काय झाले ते कळत नाही, हे लक्षात घ्या. निवडणूक होऊन नवे सरकार आले, तरी ‘आले’. हे नपुंसकलिंगी एकवचन. वाड्यावरचे धनी आले, तरी ‘आले’. हे पुल्लिंगी आदरार्थी अनेकवचन. भूतकाळात दोन्ही रूपे सारखी. वर्तमानकाळात गेलो की फरक उघडा पडतो: सरकार येते, सरकार येतात. एका सरकारला प्रश्न विचारता येतो. दुसऱ्यापुढे मुजरा करावा लागतो. मराठवाड्यात ‘मायबाप सरकार’ हे शब्द अजून तोंडात आहेत. आम्हाला वाटते, त्या दोन शब्दांत संस्था आणि धनी यांची सरमिसळ अजून शिल्लक आहे.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांनी या बाबतीत फार गमती केल्या आहेत. ‘नवाब’ हे मुळात ‘नायब’ या शब्दाचे अनेकवचन. ‘उमराव’ हे ‘अमीर’चे अनेकवचन. आपण मात्र एका माणसाला नवाब म्हणतो आणि एक उमराव, दोन उमराव असे मोजतो. मोठ्या माणसाचे अनेकवचन झाले आणि ते त्याच्या एकट्याच्या अंगाला चिकटले. उलट बाजूला ‘रयत’ बघा. मूळ अरबी अर्थ कळप, राखायचा कळप, त्यावरून प्रजा. मराठीत ती स्त्रीलिंगी एकवचनी: रयत सुखी आहे, रयत गांजली. म्हणजे एकटा नवाब अनेकवचनी आणि लाखो माणसांची रयत एकवचनी! व्याकरणाने सत्तेचा नकाशाच काढून दिला आहे.

जालन्यातल्या ज्या जुन्या लोकांचे शिक्षण उर्दूतून झाले, त्यांना ‘अवाम’ या शब्दाचा वाद माहीत असेल. हैदराबाद संस्थानात कारभार उर्दूत चाले, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून होते. शुद्ध उर्दूचा आग्रह धरणारे सांगतात, ‘अवाम’ हे अनेकवचन आहे, म्हणून ‘अवाम चाहते हैं’ म्हणा. रस्त्यावर आणि सभेत मात्र ‘अवाम चाहती है’ सर्रास चालते, ‘जनता’सारखे. भाषेचे जाणकार त्याला चूक म्हणतात. आम्ही त्या वादात पडत नाही. पण सभेतल्या वक्त्याला एकवचन का सोयीचे वाटते, हे आपल्याला कळू शकते. अनेकांना काय हवे आहे ते विचारावे लागते. एकीला काय हवे आहे ते वक्ता स्वतःच सांगून टाकतो.

आता जरा मागे, तत्त्वज्ञानाकडे जाऊ. तोच आमचा विषय, त्यामुळे एवढी मोकळीक द्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात, एक वाद आहे. प्रतिपक्षी म्हणतो, अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ नसतोच. घट म्हणजे केवळ परमाणूंचा ढीग. मग तो एक का दिसतो? तर सेना किंवा वन जसे दुरून एक दिसते, तसा. न्यायाचे उत्तर असे: दाखला लागू पडत नाही, कारण परमाणू इंद्रियांना दिसतच नाहीत. सैनिक आणि झाडे यांचे तसे नाही. जवळ गेलात की ती एकेक दिसतात. दुरून न दिसणे वेगळे आणि मुळातच न दिसणे वेगळे.

आपल्याला आज त्या वादातला घट नको, दाखला हवा आहे. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: सेनेचा एकपणा हा अंतराचा परिणाम आहे. जवळ जा, ती माणसे होतात.

बौद्धांनी हीच गोष्ट रथावरून सांगितली. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ हे काय आहे? सगळे भाग जुळले की व्यवहारासाठी दिलेले नाव. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला जे महाविद्यालय सुरू केले, त्याला त्याच राजाचे नाव आहे हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव! समूहाच्या नावामागे काय काय जोडले आहे, हे विचारायची सवय त्यात आहे.

आणि पाणिनी? त्याने तर सैन्यासाठी खास नियम केला. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात, चौथ्या पादाच्या दुसऱ्या सूत्रात तो सांगतो की शरीराची अंगे, वादक आणि सेनेची अंगे यांचा द्वंद्व समास एकवचनी होतो. रथी आणि घोडेस्वार हे दोन वेगळे, पण समासात ते एक. लढणाऱ्याला एकवचन आणि वाजवणाऱ्याला एकवचन, कारण दोघांनीही एका तालात चालायचे असते, असा आमचा आपला अंदाज. पहिल्या अध्यायात तो याच्या उलटही मुभा देतो: जात सांगायची असेल तर एकवचनाच्या जागी अनेकवचन विकल्पाने चालेल. आणि लगेच पुढच्या सूत्रात म्हणतो, ‘मी’ किंवा ‘आम्ही दोघे’ याऐवजीही ‘आम्ही’ म्हणता येते. तेव्हा आम्ही इथे एकटे बोलत असूनही ‘आम्ही’ म्हणतो, त्याला थेट पाणिनीचा परवाना आहे!

सेनेचा विषय निघाला आहे तर आपल्याच जिल्ह्यातली लढाई बघू. २३ सप्टेंबर १८०३, असई. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. त्या काळचे शब्द बघा: फौज, लष्कर, पलटण, कंपू, पायगा. सगळे समूहाचे, सगळे एकवचनी. लष्कर आले, पलटण हटली.

पण लढाई संपल्यावर काय झाले? कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मोजले गेले. युरोपीय किती, एतद्देशीय किती, अशी विभागणी करून. तो आकडा दीड हजारांच्या वर जातो, आणि तो शेवटच्या माणसापर्यंत दिलेला असतो. मराठ्यांच्या बाजूचा आकडा मात्र पुस्तकांतून ‘सुमारे’ असाच येतो, काही हजारांचा अंदाज म्हणून. आता यात कोणी व्याकरण चुकवले असे नाही. जिंकणाऱ्याकडे हजेरीपट असतो, हरणाऱ्याचे कागद विखुरतात. पण परिणाम असा की दोनशे वर्षांनंतरही एका बाजूची माणसे अनेकवचनात आहेत आणि दुसरी बाजू ‘लष्कर’ आहे. आपली माणसे आपण मोजतो, समोरचा समूह असतो. हे असईला झाले तसे दंगलीच्या प्रत्येक बातमीत होते. न्यायसूत्रातले ते अंतर हेच.

मग आपल्या गावांनी हा प्रश्न कसा सोडवला होता? जुन्या कागदांत गावासाठी एक सुंदर शब्द येतो: पांढरी. शेतजमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. पुढे पांढरी म्हणजे तिथे राहणारे सगळे गाव. हाही शब्द स्त्रीलिंगी एकवचनी. पण वतनाचा तंटा उभा राहिला आणि गोतसभा बसली, की जो महजर लिहिला जाई त्यात ‘पांढरीने ठरवले’ एवढ्यावर भागत नसे. सभेला कोण कोण हजर होते, त्यांची नावे आधी येत. आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या धंद्याची निशाणी कागदावर काढली जाई. कुणब्याचा नांगर आपण त्यात पाहतो. समूह एक, पण त्याखाली माणसे मोजून उभी. उद्या निवाडा चुकीचा ठरला तर कोणाला विचारायचे ते कागदच सांगे.

त्या गोतसभेचे आम्ही उदात्तीकरण करत नाही. तिथे बायकांना स्थान नव्हते, आणि जातीची उतरंड तर त्या निशाण्यांच्या क्रमातही डोकावते. पण समूहाच्या निर्णयाला माणसांची नावे जोडायची, ही रीत तिथे होती, एवढे मान्य करायला हरकत नाही.

आजचा सरकारी कागद कसा बोलतो? १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, मराठी कारभाराची भाषा झाली. फार मोठी गोष्ट झाली. त्या मराठीने मात्र एक क्रियापद जवळ केले: ‘येत आहे’. मान्यता देण्यात येत आहे. अर्ज फेटाळण्यात येत आहे. काम स्थगित ठेवण्यात आले. यात कर्ता कुठे आहे? ‘समितीने अर्ज फेटाळला’ म्हटले तर निदान समिती तरी दिसते. ‘सदस्यांनी अर्ज फेटाळला’ म्हटले तर माणसे दिसतात. मराठीत ‘ने’ आणि ‘नी’ यांत तेवढा फरक राहतो. ‘फेटाळण्यात आला’ म्हटले की समितीही गेली आणि माणसेही गेली. एकवचन की अनेकवचन हा प्रश्नच संपला, कारण करणाराच उरला नाही.

आणि गंमत बघा, घटना काय म्हणते. अनुच्छेद ७५ आणि १६४ यांत मंत्रिमंडळ अनुक्रमे लोकसभेला आणि विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे, असे तत्त्व आहे. सामूहिक जबाबदारी म्हणजे जबाबदारी कोणावरच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट, प्रत्येक मंत्र्यावर ती पूर्ण आहे. पटत नसेल तर त्याने बाहेर पडावे. इथे एकवचन प्रत्येकाला बांधून घेते. कागदावरचे ‘येत आहे’ प्रत्येकाला मोकळे सोडते. घटनेच्या उद्देशिकेतही कर्ता अनेकवचनी ‘आम्ही’ आहे, ‘जनता’ किंवा ‘राष्ट्र’ असा एकवचनी नाही, हे आपण शाळेपासून म्हणत आलो आहोत. पण तिकडे लक्ष किती जणांनी दिले?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. मराठीत ‘शेतकरी’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच. कामगार, मतदार, मजूर, पोलीस यांचेही तेच. एक की अनेक हे फक्त क्रियापद सांगते. ‘शेतकरी हवालदिल झाला आहे’ असे आपण ऐकतो, वाचतो. हा एकवचनी शेतकरी कोण? घनसावंगीचा ऊसवाला, बदनापूरचा मोसंबीवाला, मंठ्याचा कोरडवाहू कापूसवाला, की दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई? एकवचनात सगळे एक होतात आणि त्यांचे दुःखही एकाच मापाचे होते. मग उपायही एकच निघतो. ‘शेतकरी हवालदिल झाले आहेत’ म्हटले की लगेच विचारता येते: कोणते? किती? कशाने?

‘समाज’ या शब्दाचेही असेच आहे. समाज जागा झाला, समाज मागतो, समाज माफ करणार नाही. कोणत्याही समाजाचे नाव घाला, वाक्य तसेच बसते. एकजुटीशिवाय दुबळ्यांना काही मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांना एकेकटे गाठून दडपले जाते, त्यांना एकवचनाची गरज असते. म्हणून एकवचन वाईट आणि अनेकवचन चांगले, असा निकाल आम्ही देणार नाही. मागताना एक व्हा, जरूर व्हा. पण समाजाच्या नावाने कोण बोलतो आहे, आणि त्या समाजातल्या कोणाला त्याने विचारले आहे, हा प्रश्न एकवचनाने गिळून टाकू नये.

मंडळी, ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात आजही प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहायची पद्धत आहे. जुन्या महजराची तेवढी खूण आपल्याकडे उरली आहे. त्या दोन नावांच्या वर बहुतेक वेळा ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले असते. आपल्यापैकी जे गावी राहतात त्यांना आमची विनंती एवढीच: पुढच्या सभेला जा, ते ‘सर्व’ म्हणजे त्या दिवशी किती जण होते ते मोजा, आणि कोणाचा विरोध असेल तर तोही नावासह लिहून घ्यायला सांगा. सचिव कुरकुर करतील. करू द्या.

आता कोणाचे प्रश्न असतील तर विचारा.